पालखीमागचा दरवाजा

आमच्या मुरडवाडीच्या तिठ्यावर एक फ्लेक्स लागला होता. त्यावर यशोदेचा फोटो, मागे खवळलेला समुद्र आणि खाली लिहिलेलं, 'वादळात होडी वाचवणारी आमची रणरागिणी'. फोटो तिच्या भाचीच्या लग्नातला. शेजारी उभी असलेली वरमाय कापून टाकली होती, पण तिचा हात यशोदेच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मी या वाडीची अंगणवाडी सेविका. येता-जाता तो फ्लेक्स माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि मी मान फिरवायचे. कारण होडीची गोष्ट शुद्ध थाप होती. ते वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं आणि सगळ्या पुरुषांनाही. तरी फ्लेक्स उन्हाने फाटेपर्यंत तिथेच राहिला.

यशोदा माझी शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हा बारीक, काळीसावळी आणि तोंडाने फाटकी. तिचा नवरा बाबू होडी घेऊन जायचा, पण होडीतून मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं यशोदेचं. ती पाटी डोक्यावर घेऊन रिक्षा पकडायची, मालवणच्या बाजारात बसायची. लिलावात तिचा आवाज चढला की शेजारच्या पाटीवरचं गिऱ्हाईक मान वळवायचं. मुंबईचा कोणी पर्यटक सुरमई दाबून दाबून बघायला लागला तर म्हणायची, "अरे बाबा, ती मेलेलीच आसा, आणि कितीदा मारतलंस?" उन्हाळ्यात बांगडे, बोंबील सुकवून पावसाची बेगमी करायची. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, तिचंही तीच करायची. बाबू चांगला की वाईट, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, बाबू बाबूसारखा. मारत नाही, दारू बेताची पितो, आणि बायकोने कधी काही मागितलं तर दुसरीकडे बघतो.

बाजारात जिच्यापुढे कोणाची डाळ शिजायची नाही ती यशोदा वाडीत मात्र गप्प असायची. देवळात, सभेत, चार मानकऱ्यांच्या समोर पदर ओढून मागे उभी. आमच्याकडे हीच रीत. बाईचा आवाज बाजारात चालतो, कारण तिथे तो पैसे आणतो.

तौक्ते वादळ आलं ते करोनाच्या दिवसांत. सगळ्यांचे मास्क हनुवटीला. किनाऱ्यावरची घरं रिकामी करा, शाळेत जा, असं सरकारी माणूस ओरडून गेला. पुरुष होड्या ओढायला धावले. घरातलं उरलेलं सगळं बायकांनी उचललं. तांदळाचा डबा, सुक्या मासळीचं पिंप, कोंबड्या, म्हातारी माणसं. यशोदेने सासूला पाठुंगळी घेतलं आणि एका हातात टोप. मागून तिची लेक दीपिका, नववीतली, रडवेली. तिला त्याच सकाळी पाळी आली होती.

आता शाळा कशी आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन खोल्या जुन्या, कौलांच्या. त्यांना लागून तिसरी खोली नवी, स्लॅबची. त्या स्लॅबच्या खोलीला मागे एक दरवाजा, दरवाज्यापलीकडे चारी बाजूंनी बंद अशी छोटी जागा आणि तिथे शाळेचे दोन संडास. म्हणजे संडासाला जायची वाट एकच, स्लॅबच्या खोलीतून. बांधणाऱ्याने असं का बांधलं हे त्यालाच ठाऊक.

आम्ही पोचलो तर स्लॅबच्या खोलीत देव बसलेला. गावाच्या देवळाचं छप्पर धोक्यात होतं म्हणून मानकऱ्यांनी पालखी उचलून तिथे आणली होती, बरोबर मागच्या दरवाज्याला टेकवून. देवाजवळ दिवा, आणि दिव्याजवळ 'देवाला एकटं कसं सोडायचं' म्हणून दहा-बारा बापये. त्यांत आमच्या देवाचं गाऱ्हाणं घालणारा महादू घाडी आणि ग्रामपंचायतीचा सदस्य जितेंद्र. आख्ख्या इमारतीत एकच खोली वाऱ्याला भीक न घालणारी, तिच्यात देव आणि पुरुष. बायका, पोरं, म्हातारी आणि कोंबड्या कौलांखाली. देवावर माझा राग नाही. देव काही पायाने चालत आला नव्हता.

वाऱ्याने जोर धरला तशी कौलं उडायला लागली. आम्ही पोरांना बाकांखाली घातलं. पडवीच्या कोपऱ्यात जांभ्याच्या तीन चिऱ्यांची चूल मांडून पेज शिजवली, स्लॅबच्या खोलीत पोचवली, पोरांना पाजली. आम्ही स्वतः घोटभरही घेतली नाही. कारण सांगायची गरज कोणालाच नव्हती. पुरुषांना अशी अडचण नसते. ते दाराबाहेर येऊन पडवीच्या टोकाला उभे राहायचे आणि वाऱ्याने ते सगळं उलटं आमच्या चुलीकडे यायचं. पत्ते कुटत बसलेला एकजण तर बसल्या जागेवरून हसून म्हणाला, "आज पावसाक चव इली." बाकीचे हसले. मी त्यांची तोंडं पाहून ठेवलीत, अजून विसरले नाही.

दुपार होईपर्यंत बायकांची तोंडं ओढल्यासारखी झाली. कोणी पोट धरून बसलेली, कोणी भिंतीला डोकं टेकलेलं. दीपिकेला दारातून पडवीत काढलं होतं, कारण पलीकडच्या खोलीत देव आणि हिला विटाळ. भिंत मधे होती, तरी कोणा म्हातारीला तेवढंही खपलं नाही. पोरगी भिजून काकडत होती. कापड बदलायला जागा नाही, जायला जागा नाही. यशोदा तिच्याजवळ जाऊन बसली. मग उठली आणि नवऱ्याला हाक मारली.

"बाबू, तेंका सांग, पालखी जरा हातभर बाजूक घेवा म्हणान. बायलांका मागच्या दारान जावचा आसा."

बाबूने आत जाऊन काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. आतून महादू घाड्याचा आवाज आला, "देव बसलो तो बसलो. वादळात देव हलवूचो नसता. आणि बायलो देवाच्या आंगावरसून संडासाक जातल्यो?" कोणीतरी 'शिव शिव' म्हटलं. जितेंद्र म्हणाला, "थोडी कळ काढा गो, वारो पडात आता."

बाबू परत आला आणि यशोदेकडे न बघता म्हणाला, "जरा कळ काढ."

तिने ताडपत्रीचा एक तुकडा घेतला, दीपिकेला बखोटीला धरलं आणि दोघी शाळेमागच्या गडग्याच्या आडोशाला गेल्या. गडगा म्हणजे नुसता एकावर एक रचलेल्या चिऱ्यांचा, मधे माती नाही की सिमेंट नाही. यशोदेने पोरीभोवती ताडपत्री धरली. ताडपत्रीत वारा भरला, गडग्यावर माड आदळला आणि चिरे सुटले. यशोदेने पोरीला लोटून दिलं. स्वतःला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

दीपिकेची किंकाळी आम्ही ऐकली. आधी बायका धावल्या. चिरे आम्हीच उचलले, नखं तुटली. मग पुरुष आले. यशोदेची कंबर आणि डावी मांडी गेली होती. रस्त्यावर झाडं पडलेली, गाडी येणार कशी? शाळेचं बाक उलटं करून तिला त्याच्यावर बांधलं आणि हमरस्त्यापर्यंत नेलं. बाबू बाकाचं टोक धरून चालत होता आणि रडत होता. रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण पालखी हातभर सरकवायला त्याला तेवढं रडू आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

यशोदा महिनोन्महिने हॉस्पिटलात, आधी ओरोसला, मग गोव्याला. ती तिकडे पडलेली असताना इकडे पेपरवाले आले. जितेंद्र पुढे झाला. बाईला काय झालं, कसं झालं, म्हणून त्यांनी विचारलं. आता हा काय सांगणार? आम्ही देवाच्या नावाखाली संडासाची वाट अडवून बसलो होतो, हे? त्याने सांगितलं, नवऱ्याच्या होडीचं मशीन वाहून जात होतं, ही माउली जिवावर उदार होऊन धावली. होडी तेव्हा सुखरूप वर ओढून माडांना बांधलेली होती. बाबू तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि आठवड्यात तिठ्यावर फ्लेक्स.

यशोदा कुबडी घेऊन घरी आली तोवर गोष्ट पक्की शिजली होती. महिलादिनाला तिला शाल-श्रीफळ मिळालं. खुर्चीवर बसवून जितेंद्रने भाषण केलं, कोकणची नारी अशी असते वगैरे. ती कोकणची नारी आता खाली बसू शकत नव्हती. बाजारात इतर बायका जमिनीवर बसायच्या आणि ही प्लास्टिकच्या खुर्चीवर, म्हणून पाटीतली मासळी तिला वाकून उचलता येईना. आवाज तेवढा शाबूत होता.

मी तिला एकदा विचारलं, "यशोदा, खरं का सांगत नाहीस? त्या माकडाच्या हातचा नारळ घेतलास ना, मला ओकारी आली."

"माका येऊक नाय काय?" ती म्हणाली. "पण दीपिकेचा नाव जायत गो, अनुजा. उद्या तिका बघूक येतले तेव्हा लोक काय सांगतले? पाळयेच्या दिवशी देवाक टेकान बसली आणि आवशीची कंबर मोडली. देव कोपलो म्हणतले."

ती काही चुकीचं बोलत नव्हती. दोन-तीन तोंडांतून मी हे ऐकलंही होतं. पोरीमुळेच झालं म्हणे. मोडणारा गडगा, अडवणारे बापये, सगळे निर्दोष आणि नववीतली पोर अपराधी. याला काय म्हणायचं? मी तर थुंकले होते.

मग शाळेत पोरं उरली नाहीत. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद झाली, इमारत तशीच राहिली. वादळात जमायला तेवढीच पक्की जागा. दर मे महिन्यात समुद्र काळा दिसायला लागला की आमच्या बायका त्या शाळेकडे बघायच्या. वादळाची भीती नंतर, आधी त्या मागच्या दरवाज्याची. आणि यंदा मानकऱ्यांनी ठरवलं की वादळात देव जिथे बसला ती जागा आता देवाचीच. स्लॅबच्या खोलीत मागच्या दरवाज्याला लागून पक्का चौथरा बांधायचा आणि पावसाळ्यात पालखी कायम तिथे ठेवायची. म्हणजे दरवाजा कायमचा बंद. मी जितेंद्रला गाठून विचारलं, बायकांनी काय करायचं? तो म्हणाला, "बाई, दर वरसा थोडाच वादळ येता?" आणि दात कोरत निघून गेला.

यशोदेने हे ऐकलं त्या दिवशी बाजारात गेली नाही. संध्याकाळी तिने दीपिकेला फोन लावला. दीपिका सावंतवाडीला नर्सिंग शिकते. मी तिथेच बसले होते. यशोदा फोन ठेवून म्हणाली, "चेडू म्हणता, माझा नाव घेवन सांग. म्हणता, आये, तुझी कंबर माझ्यामुळे नाय मोडली, ह्या माका तरी ऐकाक होया."

चौथऱ्याचा पहिला चिरा बसवायचा दिवस रविवारी धरला. स्लॅबच्या खोलीत पालखी आणली होती. पुढे मानकरी, मधे पुरुष, बायका दाराशी आणि पडवीत. रणरागिणीच्या हातून नारळ ठेवायचा ही जितेंद्रची कल्पना. फोटोग्राफर बोलावला होता. आमच्याकडे ज्याच्या हाताने नारळ ठेवला जातो त्याचं मागणं काय ते घाडी विचारतो आणि त्याच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, ते गाऱ्हाणं. एकेक वाक्य संपलं की सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तो गावाचा होकार. देवापुढे दिलेला होकार मोडला तर काय होतं याच्या गोष्टी आम्ही पाळण्यात ऐकतो.

यशोदा कुबडी टेकत पुढे गेली. महादू घाडी म्हणाला, "बोल गो बाय, काय सांगाचा देवाक?"

ती त्याच्या कानाशी वाकून बोलली. महादूचा चेहरा आंबट झाला. तो हळू म्हणाला, पण आम्हाला ऐकू आलं, "असला देवासमोर बोलूचा नसता. मी आपला होडयेचा आणि लेकराबाळांचा सांगतंय."

"तुमका जमना नाय तर मी सांगतंय," यशोदा म्हणाली.

आणि तिने बाजारातला आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या तोंडून सवयीने गेलं. जितेंद्रच्याही. फोटोग्राफरने फोटो काढला.

"वादळ इला तेव्हा तू हयसर येवन बसलंस आणि तुझी लेकरा तुझ्या आसऱ्याक इली."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्यात बापये होते, बायलो होत्यो, पोरा होती, म्हातारी होती. सगळी तुझीच."

"व्हय म्हाराजा!"

"बापयांनी तुका दारात बसयल्यानी आणि बायलांची वाट बंद केल्यानी. तू सांगूक नाय हुतंस."

इथे पुढच्या रांगा अडखळल्या. 'व्हय' म्हणून काहींची तोंडं उघडीच राहिली. पण दारातून आम्ही बायकांनी पूर्ण म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मी तर घसा फाडून म्हटलं.

जितेंद्र पुढे सरकला, "वयनी, पुरे आता, वेळ होता..."

"गाऱ्हाणा मोडू नको, जितेंद्रा," पडवीतून एक म्हातारी ओरडली. दीपिकेला खोलीबाहेर काढलं होतं ते हिनेच. तिला आज काय आठवलं, देव जाणे. पण गाऱ्हाणं मधे तोडायचं नाही हा नियम जितेंद्रलाही मोडवेना. तो होता तिथेच थांबला.

"मी होडी वाचवूक जावक नाय," यशोदा म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता, पण मोठाच होता. "माझ्या दीपिकेक पाळी इली होती. तिका घेवन मी गडग्यामागे मुताक गेललंय. माझी कंबर थयसर मोडली. चेडवाची चूक नाय, तुझोय कोप नाय. ह्या तुका ठाऊक आसा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. पुरुषांतून एकच आवाज आला, घोगरा. मी मान वळवून बघितलं. बाबू होता. खाली बघत होता, पण म्हणाला होता.

"तर बा म्हाराजा, तुझो चौथरो पुढच्या दाराकडे भितीक लागान होवंदे. ह्यो मागचो दरवाजो वादळात तुझ्या लेकींका उघडो रव्हांदे. ज्या दिवशी जिका पाळी असात तिकाय. जो कोण आड येयत तेका तूच विचार, रे म्हाराजा!"

शेवटचं 'रे म्हाराजा' तिने असं ओढलं, अगदी महादू घाडी ओढतो तसं, की पुरुषांची तोंडं डोक्याला न विचारता उघडली. लहानपणापासून त्या ओढीला एकच उत्तर देत आलेली माणसं. आख्खी खोली गरजली, "व्हय म्हाराजा!"

आणि मग पुरुष एकमेकांकडे बघत होते. तोंडून निघून गेलं होतं. महादू घाड्याने कपाळावरचा घाम पुसला. जितेंद्र त्याला काहीतरी खुणावत होता. महादूने हात झटकला.

"म्हटला ता म्हटला," तो म्हणाला. "आता फिरवूचा झाला तर माझ्या घरावर येतला. चिरो हयसून उचला, पुढे न्हेया."

चिरा उचलला आणि पुढच्या दाराजवळ ठेवला. पालखीही सरकवली. दोन माणसांनी धरली, हातभर काय, चांगली दहा हात सरकली. काहीही झालं नाही. त्या दिवशी तर ती हातभरच सरकायची होती.  यशोदा कुबडीला धरून उभी होती आणि त्या रिकाम्या झालेल्या दरवाज्याकडे बघत होती. ती हसली नाही.

बाहेर पडल्यावर जितेंद्र तिच्या मागोमाग आला. "वयनी, दरवाजो उघडो ठेवतंव, आमी शब्द दिलो देवाक. पण ता पाळयेचा आणि मुताचा भायर नको. पेपरवाल्याक मी सांगतंय, देवान तुमच्या तोंडान कौल दिल्यान. चांगला वाटतला."

यशोदा थांबली. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, कुजलेली मासळी बघावी तसं.

"मेल्या," ती म्हणाली, "देव कशाक बोलात? मी बोललंय."

आणि ती पडवी उतरली. बाबू हात द्यायला पुढे आला, तिने तो घेतला नाही, माझा घेतला.

दरवाजा आता उघडा असतो. वाडीतले पुरुष सांगतात, देवाची इच्छा. बाईची कंबर मोडली, पोरगी दारात भिजली, त्याने तो दरवाजा बोटभरही हलला नव्हता. तोंडातून चुकून गेलेल्या एका होकाराची भीती वाटली तेव्हा हलला. अशा माणसांना मी रोज 'कसे आहात' विचारते आणि त्यांची पोरं अंगणवाडीत सांभाळते.